तंबू, गाळ आणि वळीव : कण्हेरच्या काठावरच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

ठरलं. यंदा मे महिन्यात तंबूत मुक्काम करायचा आणि तंबू मी शिवायचा.

मागच्या वर्षी तापोळ्याकडे शिवसागर जलाशयाच्या काठावर तंबूत राहायचा दर विचारला होता. माणशी आकडा ऐकून ह्यांनी फोन कानाला असतानाच मान हलवली. चौघांच्या एका रात्रीच्या पैशांत माझ्या शिलाई मशीनला नवी मोटर आली असती. शिवाय तिथला तंबू म्हणजे आत पलंग, पंखा, चार्जिंग. मग घरी काय वाईट आहे?

कण्हेर धरण आमच्या साताऱ्यातल्या घरापासून ओम्नीने अर्ध्या तासावर. ह्यांच्या मामांचं शेत बॅकवॉटरला लागूनच आहे. वेण्णा महाबळेश्वरात उगवते, मेढ्यावरून खाली येते, कण्हेरला अडते आणि पुढे संगम माहुलीला कृष्णेत जाते, एवढं शाळेत पाठ केलं होतं. अडते म्हणजे कुणाच्या तरी रानावर अडते, हे मामांकडे सून म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा कळलं. त्यांचा निम्मा तुकडा पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुना बांध वर येतो आणि मामा त्या ओल्या गाळावर जनावरांसाठी कडवळ टाकतात. गाळपेर. चार महिन्यांची जमीन, असं ते म्हणतात.

थोरली सातवीत, धाकटा तिसरीत. यंदा परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्यात, त्यामुळे त्याआधी जाणं नाही. माझ्या हातात सात आठवडे आहेत, त्यात लग्नसराईचे ब्लाऊजही.

१६ मार्च, रविवार

माप ठरलं. तळ ८ फूट रुंद, साडेसात फूट लांब, मधली उंची ५ फूट. उतरत्या छपरासारखा साधा तंबू, दोन्ही टोकांना काठी. उताराची लांबी किती, हे मी अंदाजाने साडेसहा फूट धरलं होतं. थोरलीने वही पुढे सरकवली. निम्मी रुंदी ४८ इंच, उंची ६० इंच, वर्गांची बेरीज ५९०४, वर्गमूळ ७७ ला थोडं कमी. सातवीच्या गणितात पायथागोरस असतो म्हणे. माझा अंदाज एक इंचाने चुकला. पंचवीस वर्षं कात्री धरल्याचा एवढा मान राहिला.

दोन्ही उतार मिळून १५४ इंच. पॅराशूट कापडाचा पन्ना ५८ इंच. तीन पट्ट्या लांबीत जोडल्या की १७४, जोडात तीनेक इंच गेले तरी १७१. उरलेले १७ इंच दोन्ही बाजूंना जमिनीवर लोळायला. आणि यातली खरी गंमत : तीन पट्ट्या घेतल्या की मधली पट्टी बरोबर छपराच्या कण्यावर बसते. म्हणजे जिथे पाणी सगळ्यात आधी पडणार, तिथे शिवणच नाही. हे सुचल्यावर मी एकटीच स्वयंपाकघरात हसले.

कापड १३ मीटर, ९० रुपये मीटर. ११७० रुपये. रंग हिरवा, रेनकोटवाला. खाली अंथरायला सिलपोलिनची ताडपत्री घरातच आहे, मागच्या पावसाळ्यात गॅलरीला बांधलेली.

२३ मार्च, रविवार

आज घोडचूक झाली आणि ती मीच केली, म्हणून लिहून ठेवते.

पुढचं दार म्हणजे दोन काटकोनी त्रिकोण, मध्ये उघडणारे. मागेही तसेच दोन. आयत कापायचा, कर्णावर कात्री चालवायची, दोन त्रिकोण मिळतात, दोन आयतांचे चार. झालं काम! दारं जुळवायला घेतली तर चारही उजवी. आयत कर्णावर कापला की दोन्ही तुकडे एकाच हाताचे निघतात. डावा हवा तर तुकडा पालथा घालावा लागतो आणि पालथा घातला की कापडाची पाणी अडवणारी बाजू उलटी. ब्लाऊजच्या बाह्या मी कापड दुहेरी घालूनच कापते. हात झोपेतही चुकत नाही. इथे कापड मोठं, खोली लहान, म्हणून एकेरी अंथरलं आणि गेलं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "दोन उजव्या पायाच्या चपला घातल्यागत दिसतंय."

पावणेदोन मीटर नव्याने आणलं. दुसऱ्या लॉटचं आहे, अर्धं दार थोडं फिकं. वाया गेलेल्या दोन त्रिकोणांतून तंबूची पिशवी आणि आतले खिसे होतील.

शिवताना पाळायच्या गोष्टी : या कापडाला टाचणी लावायची नाही, भोक भरून येत नाही. वाळत घालायचे चिमटे लावायचे. १६ नंबरची सुई, टाका लांब, दोरा पॉलिएस्टर. जीन्सच्या पायाला असते तशी दुमडून दोनदा मारलेली शिवण, आणि दुमड खालच्या बाजूला, म्हणजे पाणी शिवणीत साठत नाही. उसवायचं नाही. उसवलं की चाळणी.

३० मार्च, पाडवा

काठ्या चिव्याच्या, म्हणजे बांबूच्या. बुरुडाकडून आणल्या, बारीक पण जवळजवळ भरीव. कळक जाड असतो, पण आत पोकळ आणि ओम्नीत मावत नाही. दोन उभ्या, एक आडवी. आडवी जरा जास्तच लांब आणली होती. सकाळी गुढीला तीच लावली, संध्याकाळी उतरवून तंबूच्या सामानात. सासूबाईंना हे काही फारसं रुचलं नाही.

६ एप्रिल, रामनवमी

गच्चीवर तंबू उभा केला. मेखांच्या जागी पाण्याने भरलेले कॅन. ह्यांनी वीस मिनिटं पाइप धरला, मी आत बसले.

कणा कोरडा. शिवणींतून पाच ठिकाणी थेंब. मेणबत्ती घासून पाहिली, थांबलं, पण दुपारच्या उन्हात मेण पातळ होऊन कापडाला डाग पडला. मग रेनकोट शिवणाऱ्या ओळखीच्या बाईकडून ती पारदर्शक टेप आणली, रेनकोटच्या आत शिवणीवर असते ती. वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवायची. ३६ फूट लागली. हात भाजला एकदा.

२६ एप्रिल, शनिवार

पहिला मुक्काम. झाला नाही.

चारला पोचलो. धरणाच्या भिंतीकडे जायचंच नव्हतं, तिथे बसायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मामांच्या बांधाखाली, पाण्यापासून चाळीसेक पावलांवर सपाट जागा निवडली. पोरं आधी पाण्याकडेच पळाली. गाळाची कड फसवी असते. वर उन्हाने तडकलेली पापडी, पाय ठेवला की पापडासारखी वाजते, आणि खाली लोणी. धाकट्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. ह्यांनी काखेत धरून ओढलं तेव्हा पाय आला, चप्पल राहिली. हात घालून शोधली, मिळाली नाही. मामांनी त्याला मांडीवर बसवून एकच सांगितलं : पाण्याची कड म्हणजे विहिरीची कड. नियम झाला. मोठं माणूस आणि दोर असल्याशिवाय तडकलेल्या रेषेच्या पुढे जायचं नाही. थोरलीने दगडांची रांग लावून ती रेषा आखली.

तंबू उभा झाला सहाला. सुंदर दिसत होता हो, फिक्या अर्ध्या दारासकट! मामी भाकरी आणि चिलापीचं कालवण घेऊन आल्या. जेवून बाहेर आडवे झालो. उद्या अमावस्या, त्यामुळे काळोख घट्ट. साताऱ्याच्या अंगाला आभाळ थोडं उजळ, बाकी सगळं चांदणं. सप्तर्षी डोक्याशी, त्यांच्या शेपटीच्या वळणाने जात गेलं की स्वाती, आणखी पुढे चित्रा. हे मला माझ्या वडिलांनी दाखवलं होतं, कोरेगावच्या अंगणात. पोरांना दाखवताना बोट थरथरत होतं की काय कोण जाणे, धाकटा म्हणाला, "मम्मी, नीट एका जागी दाखव ना."

साडेदहाला वारं सुटलं. पाण्यावरून सरळ आत. पहिली मेख निघाली, मग तिच्या शेजारची, मग तंबू पतंगासारखा उलटा. गाळात मेख धरत नाही. वरचा थर कोरडा वाटतो, खाली सगळं मऊ. चारदा ठोकल्या. धाकटा रडायला लागला. थोरली रडत नव्हती पण तिने बूट घातले. आणि घर अर्ध्या तासावर. लांब गेलो असतो तर झक मारत काहीतरी केलं असतं. ११.४० ला आम्ही आपापल्या गाद्यांवर होतो.

ह्यांनी दिवा घालवताना विचारलं, "पुढच्या शनिवारी?" मी म्हटलं, "आधी मेखांचं बघू."

२७ एप्रिल, रविवार

सकाळी सामान आणायला परत गेलो. मामा वाटच बघत होते.

"आगं, गाळात खुट्टी कुटं धरतीय व्हय? दावणीला आडवं दांडकं पुरत्यात, बघितलं न्हाईस?"

दाखवलं. हातभर लांब दांडकं, मधोमध दोरी बांधायची, हातभर खोल खड्डा, दांडकं आडवं घालून माती दाबायची. दोरी तिरकी वर येते. मग ओढा. मी लोंबकळले तरी हललं नाही. मेख उभी निघते, आडव्या दांडक्याला निघायला सगळी माती उचलावी लागते. बैल बांधायची अक्कल तंबूला लागली.

शिवाय जागाही बदलायची आहे, पण त्याचं कारण वेगळं. काल जिथे तंबू होता तिथून वर, मुरमाड उंचवट्यावर टिटवी ओरडून जीव देत होती. मामांनी बोटाने दाखवलं तरी मला आधी दिसलंच नाही. चार अंडी, मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची, घरटं म्हणावं असं काहीच नाही, चार खडे बाजूला सारलेले. मामा म्हणाले, टिटवीने एवढ्या उंचावर अंडी घातली म्हणजे यंदा पाऊस लवकर आणि दांडगा. मी मान हलवली. अशा गोष्टींना मान हलवायची असते.

तिच्यापासून पन्नास पावलं लांब, बांधाच्या वरच्या अंगाला नवी जागा. मुरूम, मेख ठोकताना ठणठण वाजते. तरी वाऱ्याच्या बाजूला दोन दांडकी पुरायचीच.

३ मे, शनिवार

राहिलो. पूर्ण रात्र.

लवकर पोचायचं ठरवून साडेतीनला निघालो आणि पाचला मी गाडीत शोधतेय, मच्छरदाणी कुठाय. कॉटवर. हे परत गेले, सव्वा तासात आले, येताना आइस्क्रीमही आणलं, वितळलेलं. याला मुक्काम म्हणायचं का, यावर थोरली आणि तिचे पप्पा बराच वेळ भांडले. तिचं म्हणणं, घरी परत जायचं नाही असा नियम हवा. मला तो नियम नको आहे. पोरांच्या पहिल्या रात्री मागे दार उघडं असलेलं बरं.

चंद्र अर्ध्याला आलेला, आणि त्याच्या शेजारी लालसर मंगळ. धाकट्याने मंगळावरून मला इतके प्रश्न विचारले की मी शेवटी झोपेचं सोंग घेतलं.

दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. एक, बूट बाहेर ठेवायचे नाहीत. सकाळी थोरलीने बूट आपटला, तर आतून विंचू पडला, करंगळीएवढा, पिवळट. आपटायची सवय मामींनीच आदल्या रात्री लावली होती. इथे फुरसंही असतं. डिवचलं की अंगावरची खवलं घासून करवतीसारखा आवाज करतं. जळण उचलताना आधी काठीने हलवायचं, रात्री बॅटरीशिवाय पाऊल नाही. चावलंच तर मंत्र-बिंत्र काही नाही, १०८ ला फोन आणि तडक साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारींच्या विषावर एकच प्रतिविष चालतं. हे मी खिशाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलंय.

दोन, पहाटे आतून पाऊस. बाहेर टिपूस नाही, आभाळ स्वच्छ आणि माझ्या कपाळावर थेंब. मला वाटलं टेप सुटली. चाचपून पाहिलं तर अख्खं कापड आतून ओलं. चौघांचा श्वास. कापड पाणी बाहेर ठेवतं तसं वाफही आत ठेवतं, हे रेनकोट घालून घामेजलेल्या बाईला कळायला हवं होतं. दोन्ही टोकांना कण्याखाली वीतभर झरोके ठेवायला हवेत, वर टोपीसारखी झालर.

७ मे, बुधवार

झरोके केले. मच्छरदाणीची जाळी, वर झालर, झालरीच्या कडेत छत्रीची तार घातली म्हणजे ती उभी राहते. फिक्या कापडाचा तुकडा तिथे संपवला. दोन ब्लाऊज मागे पडले, बायका चिडल्यात.

संध्याकाळी गडगडाट आणि वळीव. शहरात तासभर लाइट नव्हती.

१० मे, शनिवार

गेलो पण तंबू उभा केला नाही. तीनला मेढ्याच्या बाजूने ढग काळेभोर वर आले. ह्यांच्या फोनवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप आहे, ते केकाटायला लागलं. वीज चमकली की थोरली मोजायची. तीन सेकंदांना एक किलोमीटर. एकवीस, म्हणजे सात किलोमीटर. मग बारा. तेवढ्यात गाडीत. मोकळ्या माळावर पाण्याच्या कडेला उभे राहणारे आपणच सगळ्यात उंच, आणि झाडाखाली जाणं त्याहून वाईट. आमचा तंबू पावसाला पुरेल, विजेला नाही.

रात्र मामांच्या पडवीत. मामींनी वाकळी काढल्या, हुलग्याचं माडगं केलं. मी सवयीने उंबऱ्याजवळची वाकळ उलटून बघितली, टाके मोजत. मामींच्या सासूच्या हातची, चार पदरी आणि एवढ्या वर्षांत एक टाका सुटलेला नाही. मला मशीनवर असं जमत नाही.

परवा पौर्णिमा. ढग फाटले तेव्हा मध्यरात्री पाणी चांदीसारखं दिसत होतं, पण सगळे घोरत होते.

१८ मे, रविवार

काल सासूबाईही आल्या. "तुम्ही सारखं जाताय ते काय आहे बघू तरी," म्हणाल्या. त्यांच्यासाठी घडीची खाट आणि वाकळ. पाच माणसं म्हणजे तंबूला जास्तच, म्हणून ह्यांनी ओम्नीत झोपायचं ठरलं.

सकाळपासून आभाळ भरलेलं, पण ॲप गप्प. साडेपाचपर्यंत तंबू उभा. सिलपोलिनच्या कडा परातीसारख्या वर दुमडून कोपऱ्यांत चिमटे लावले, वरच्या अंगाला खुरप्याने पाण्याला वाट काढून दिली. हे खुरप्याचं काम सासूबाईंनीच केलं, मला हात लावू दिला नाही. लग्नाआधीची तीस वर्षं त्यांनी रानात काढलीत. साताऱ्यात आल्यापासून त्यांच्या हातात खुरपं मी पहिल्यांदा पाहिलं.

नऊला पाऊस. विजा नव्हत्या, नुसता सरळ पाऊस, धार लागल्यासारखा. कापडावर इतका आवाज की बोलताना ओरडावं लागत होतं. मी बॅटरी घेऊन शिवणी बघत बसले. पहिली शिवण, कोरडी. दुसरी, कोरडी. कण्यावर हात फिरवला. झरोक्याची झालर वाऱ्याने एकदा उलटली आणि पाण्याची एक रेघ आत आली, तिला टॉवेल. दारातल्या फिक्या तुकड्याखाली दोन थेंब, ते मोजतेच. सव्वा तास. खुरप्याने काढलेली चारी पाण्याने भरून वाहत होती, बॅटरीच्या उजेडात लालसर पाणी तंबूला वळसा घालून खाली जाताना दिसत होतं.

धाकट्याने विचारलं, "घरी जायचं का?" कुणी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "गप. आत्ताच अंग गरम झालंय."

पावसानंतर बेडकांचा जो काही गोंधळ सुरू झाला! त्यात झोप कसली. साडेअकराला बाहेर आलो तर बांधावरच्या बाभळीत काजवे. फार नव्हते, पंधरा-वीस. पोरं हातात धरायला धावली नाहीत, नुसती बघत उभी राहिली.

सकाळी टिटवीची जागा बघितली. रिकामी. अंड्याची कवचं नाहीत, पिल्लं नाहीत. टिटवीची पिल्लं बाहेर आली की लगेच चालायला लागतात म्हणे. ओढ्याच्या बाजूने तिचा आवाज येत होता.

२५ मे, रविवार

शेवटचा मुक्काम काल करणार होतो. राहून गेला. मान्सून कालच केरळात आला, नेहमीच्या १ जूनच्या आठ दिवस आधी, आणि आज तळकोकणात. आमच्याकडे तर आठवडाभर आभाळ उघडलेलंच नाही. मामांना फोन केला. कडवळ कसंबसं कापून घेतलं म्हणाले. थोरलीने लावलेल्या दगडांपैकी पाण्याच्या बाजूचे चार बुडाले. "टिटवी काय म्हणली हुती?" असं विचारून हसत होते. मी काय बोलणार.

तंबू ओला घडी घातला तर बुरशी धरेल आणि टेप सुटेल. गच्चीवर वाळवायची सोय नाही. म्हणून हॉलमध्ये खिडकीच्या गजापासून कपाटाच्या दारापर्यंत दोरी बांधून त्यावर टाकलाय. टीव्ही दिसत नाही. घरभर गाळाचा वास, थोडा माशाचा. खालच्या कडेला लागलेला चिखल सासूबाई जुन्या दातब्रशने काढतायत. पोरं तंबूखाली चादर घेऊन झोपायच्या तयारीत, बूट आत घेऊन, आधी आपटून.

राहिलेली कामं : फिक्या तुकड्याची शिवण आतून पुन्हा टेप करणे. झालरीची तार जाड घालणे. पाच माणसांचं माप काढणे, थोरलीला सांगितलंय. या वेळी कापड दुहेरी घालून कापणे.